चोरीला गेलेली मोटार, न घेतलेले ठसे आणि रात्रीची गुन्हेविषयक मालिका

अंबाजोगाईजवळच्या एका गावातील शेतकरी कुटुंबातल्या तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या विहिरीवरची पाण्याची मोटार आणि केबल रात्रीतून चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी बीट अंमलदार आले, त्यांनी पंचनामा केला आणि ते निघून गेले. वडील म्हणतात, ठसे घेतले नाहीत, श्वानपथक आणले नाही, म्हणजे पोलिसांना तपास करायचाच नाही. चुलते म्हणतात, संशयित कोण हे साऱ्या गावाला माहीत आहे, त्याला ठाण्यात नेऊन चोप दिला तर दिवस मावळायच्या आत मोटार जागेवर येईल. दोघेही गेली अनेक वर्षे जेवणानंतर गुन्हेविषयक मालिका नेमाने पाहतात. अशा मालिकांमुळे लोकांची पोलिसांविषयीची मते खरोखर घडतात का, आणि घडत असतील तर घरच्यांना त्या पाहण्यापासून थांबवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी मराठवाड्यातील न्यायालयांत प्रथम सरकार पक्षाच्या आणि पुढे बचाव पक्षाच्या बाजूने फौजदारी खटले चालवत आलो आहे. फिर्यादी, आरोपी, पंच आणि तपास अधिकारी या सर्वांशी माझे रोजचे बोलणे असते, आणि पोलिसांनी काय करायला हवे याविषयी प्रत्येकाच्या मनात जे चित्र असते ते मला फार जवळून दिसते. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

तुमच्या वडिलांचे आणि चुलत्यांचे म्हणणे वरवर परस्परविरुद्ध वाटते. एकाला पोलीस निष्क्रिय वाटतात, दुसऱ्याला वाटते की त्यांनी मनात आणले तर ते काहीही करू शकतील. परंतु दोघांचा मापदंड एकच आहे: गुन्हा घडला की गुन्हेगार तातडीने समोर उभा राहिला पाहिजे. गुन्हा घडणे आणि शिक्षा होणे यांच्या मधे फिर्याद, पंचनामा, जबाब, मुद्देमाल, दोषारोपपत्र आणि साक्षीपुरावा असा जो लांब रस्ता आहे, त्याला दोघांच्याही लेखी फारशी किंमत नाही. मालिकांचा खरा परिणाम मला येथे दिसतो. त्या पोलिसांना चांगले दाखवतात की वाईट, हा मुद्दा मी दुय्यम मानतो. त्या तपासाची प्रक्रिया गाळून फक्त त्याचे फळ दाखवतात, आणि त्यामुळे सामान्य माणूस पोलिसांकडे जे हक्काने मागायला हवे ते मागत नाही व जे मागू नये त्याचा आग्रह धरतो.

हे सांगताना एक मर्यादा आधीच मान्य केली पाहिजे. मालिकेचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. ज्याचा पोलीस ठाण्याशी स्वतःचा संबंध आलेला आहे, त्याचे मत त्या अनुभवाने बनते आणि पडद्यावरचे काहीही ते सहसा बदलू शकत नाही. आपल्या भागात तर दूरचित्रवाणी येण्याच्या कितीतरी आधीपासून पोलिसांविषयीच्या आठवणी घराघरांत आहेत. निजामाच्या राजवटीतील अंमलदारांचा धाक, रझाकारांच्या काळात लोकांना न मिळालेले संरक्षण आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई यांच्या गोष्टी ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकल्या, त्यांच्या मनात खाकी वर्दीचे चित्र अगोदरच तयार होते, आणि ते प्रत्येक समाजात एकच नव्हते. दलित वस्तीतील, मुस्लिम मोहल्ल्यातील किंवा पारधी पालावरील माणूस तीच मालिका पाहतो, पण त्याला ती निराळी दिसते. म्हणून मालिकांचा सर्वाधिक परिणाम मला त्या लोकांवर जाणवतो ज्यांना आयुष्यात ठाण्याची पायरी चढावी लागलेली नाही. ज्या दिवशी ती चढावी लागते, त्या दिवशी त्यांच्याजवळ पडद्यावरच्या पोलिसाखेरीज तुलनेला दुसरे काही नसते. तुमचे वडील बहुधा या गटात येतात.

आता मालिकांविषयी. दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका ज्यांना आठवते, त्यांना तिच्यातील तपासाचा संथ वेग आणि साधे, दमलेले पोलीसही आठवत असतील. त्या मालिकेत दिसलेले शिवाजी साटम पुढे ‘सीआयडी’मध्ये एसीपी प्रद्युम्न झाले. ही हिंदी मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाने शाळेत असल्यापासून ती पाहिलेली असू शकते. पोलिसांच्या कामाविषयी इतका दीर्घ काळ, इतक्या घरांत आणि इतक्या सातत्याने दुसरे कोणीही बोललेले नाही. पोलीस खात्याने नाही, शाळेने नाही आणि आम्ही वकिलांनीही नाही. ती पोकळी मालिकांनी भरून काढली, याचा दोष केवळ त्यांना देता येत नाही.

परंतु त्यांनी ती कशाने भरली, ते पाहिले पाहिजे. ‘सीआयडी’तील पथक गुन्ह्याच्या जागी तत्काळ पोहोचते, प्रयोगशाळेतील डॉक्टर उभ्या उभ्या अहवाल देतात, संशयिताच्या कानशिलात बसते, तो कबुली देतो आणि अधिकारी त्याला आता फाशी होणार असे सांगतात. भाग तेथे संपतो. न्यायालय दिसतच नाही, वकील दिसत नाही, पंच तर मुळीच नाहीत. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे (म्हणजे खऱ्या सीआयडीचे) मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याच्याकडे निवडक प्रकरणेच सोपवली जातात. एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त हे पद फक्त आयुक्तालय असलेल्या शहरात असते. मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय केवळ छत्रपती संभाजीनगरला आहे. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, हिंगोली, नांदेड किंवा जालना येथे तुमचा संबंध येतो तो ठाणे अंमलदाराशी, बीट अंमलदाराशी, फौजदाराशी आणि फार तर स्थानिक गुन्हे शाखेशी. एका बीट अंमलदाराकडे कित्येक गावे असतात. तो सकाळी बांधावरच्या भांडणाचा जबाब घेतो, दुपारी समन्स बजावतो, रात्री बंदोबस्ताला उभा असतो आणि या सगळ्यात तुमच्या मोटारीचा तपासही त्याच्याकडे असतो. ही परिस्थिती समर्थनीय आहे असे माझे म्हणणे नाही. मनुष्यबळाची ही कमतरता हाच खरा तक्रारीचा विषय आहे, आणि मालिका पाहून आपण नेमकी तीच तक्रार कधी करत नाही.

ठशांचा मुद्दा थोडा सविस्तर पाहू, कारण तुमच्या वडिलांचा सगळा रोष त्यावर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, परंतु ती सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, आणि तिची पूर्ण अंमलबजावणी करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. उघड्या शेतातून मोटार चोरणे हा साध्या चोरीचा गुन्हा असून त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. म्हणजे तज्ज्ञ आले नाहीत यात पोलिसांनी कायद्याचे काही उल्लंघन केलेले नाही. शिवाय विहिरीच्या काठावरचे गंजलेले पाइप, ओली माती, चोरी कळल्यावर जमलेल्या सगळ्यांचे हात, या परिस्थितीत उपयोगी ठसा मिळण्याची शक्यता फार कमी असते. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यातदेखील नमुने सीलबंद करून छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथील प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवले जातात आणि अहवाल यायला पुष्कळदा महिने लागतात. पुढे खटल्यात माझ्यासारखा वकील विचारतो की सील कोणी केले, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता, प्रयोगशाळेत घेऊन जाणारा शिपाई कोण, आणि मधल्या काळात नमुना कोठे ठेवला होता. या साखळीतील एक कडी सिद्ध झाली नाही तर उत्तम अहवालही निरुपयोगी ठरतो. मालिकेत ही साखळी कधीच दिसत नाही आणि पुराव्याचे सगळे बळ तर तिच्यातच असते.

या अपेक्षेचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. तेथे २००० साली ‘सीएसआय’ नावाची मालिका सुरू झाली आणि ज्यूरीतील नागरिक प्रत्येक खटल्यात प्रयोगशाळेचा पुरावा मागू लागले आहेत, अशी सरकारी वकिलांची तक्रार सुरू झाली. मिशिगन राज्यातील न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६ मध्ये ज्यूरीच्या कामासाठी बोलावलेल्या एक हजारांहून अधिक नागरिकांना प्रश्नावली दिली. जवळपास ४६ टक्के लोकांना प्रत्येक फौजदारी खटल्यात कोणता ना कोणता शास्त्रीय पुरावा हवा होता, तर २२ टक्के लोकांची प्रत्येक खटल्यात डीएनए पुराव्याची अपेक्षा होती. मात्र, अशी मालिका पाहणारे लोक त्यामुळे आरोपीला अधिक सहजपणे सोडून देतील, असा स्पष्ट संबंध त्यांना आढळला नाही. वाढलेल्या अपेक्षेचे मूळ एका मालिकेपेक्षा तंत्रज्ञानाविषयीच्या एकूण समजुतीत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तो संयमी निष्कर्ष पटतो. मालिका एकटी मत घडवत नाही. हातातला मोबाइल, बातम्या आणि भोवतालच्या गप्पा यांनी जी अपेक्षा तयार होते, तिला मालिका चेहरा आणि शब्द देते. आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे या अपेक्षेचा भार निकालावर थेट पडत नाही. तो पडतो फिर्यादीवर, साक्षीदारावर आणि पंचावर. ‘पोलिसांनी काहीच केले नाही, मग मी तरी कशाला कोर्टात जाऊ’ असे म्हणून साक्षीला न येणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता चुलत्यांचे म्हणणे. हे मला वडिलांच्या म्हणण्यापेक्षा अधिक चिंताजनक वाटते, कारण वडिलांचा गैरसमज माहितीने दूर होईल, चुलत्यांच्या मागणीत मात्र एका माणसाला होणारी मारहाण गृहीत आहे. कायदा येथे अगदी स्पष्ट आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ आणि २६ मध्ये होते, आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग वाचता येतो, आणि तोही सहसा पंचांनी न्यायालयात पाठिंबा दिला तर टिकतो. गावातील पंच गावातील आरोपीविरुद्ध किती वेळा ठाम राहतात, हे तुम्हीच आठवून पाहा. अटकेपासून चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते आणि तेथे त्याला पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असे विचारले जाते. अंगावर वळ असतील तर वैद्यकीय तपासणी होते, तपास अधिकारी स्वतः अडचणीत येतो आणि ज्या प्रकरणात प्रामाणिक तपासाने शिक्षा होऊ शकली असती ते पहिल्याच आठवड्यात कमकुवत होते. आणि ज्याला ‘साऱ्या गावाला माहीत असलेला’ चोर म्हणतात, तो निर्दोष असेल तर काय, हा प्रश्न मालिका कधी उभाच करत नाही. तेथे थप्पड नेहमी खऱ्या गुन्हेगारालाच बसते, कारण तो गुन्हेगार आहे हे लेखकाने आधीच ठरवलेले असते.

या घाईचा फटका कोणाला बसतो, हे मराठवाड्यात राहून न सांगणे योग्य होणार नाही. गावात चोरी झाली आणि लोकांचा दबाव वाढला की संशयाचे बोट पुष्कळदा पारधी पालाकडे वळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी संपूर्ण जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला, पण शिक्का लोकांच्या मनातून गेलेला नाही. ‘लवकर कोणीतरी पकडा’ ही मागणी जितकी तीव्र, तितकी ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही असा माणूस पकडला जाण्याची शक्यता अधिक. त्यानंतर काळे बुरखे घातलेल्या संशयितांना मागे उभे करून, पुढे टेबलावर जप्त माल मांडून छायाचित्र काढले जाते, ते वाहिनीवर दिसते आणि लोकांच्या दृष्टीने प्रकरण संपते. दोन-चार वर्षांनी त्यातले काही जण पुराव्याअभावी सुटतात, तेव्हा ते ऐकायला कोणीही नसते. पकडण्याचे दृश्य सर्वांनी पाहिलेले असते, सुटकेचा निकाल मात्र फक्त आम्ही वाचतो.

याच विचारसरणीचे टोक म्हणजे चकमकीचे स्वागत. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. गुन्हा अत्यंत क्रूर होता आणि लोकांचा संताप खरा होता. आमच्या वकील कक्षातदेखील समाधान व्यक्त करणारे सहकारी होते, याचे मला आजही दुःख वाटते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, ते आरोपी मारले जावेत या हेतूनेच त्यांच्यावर गोळीबार करण्यात आला होता आणि पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वासार्ह नव्हती. फुले उधळणाऱ्यांना ही कल्पना एखाद्या मालिकेने दिली, असे सिद्ध करता येणार नाही आणि मी तसे म्हणतही नाही. परंतु खटल्याविना शिक्षा हाच न्याय, हे दृश्य वर्षानुवर्षे पाहिलेल्या समाजाला ते प्रत्यक्षात घडल्यावर धक्का बसला नाही, एवढे मी नक्की म्हणेन.

मालिकांनी केलेले चांगले कामही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९८९ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘उडान’ ही कविता चौधरी यांची मालिका त्यांच्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावर आधारित होती. कांचन चौधरी पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि एखाद्या राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुखपद भूषविणाऱ्या देशातील पहिल्या महिला ठरल्या. पोलीस होण्यासाठी स्त्रीला काय ओलांडावे लागते, हे त्या मालिकेने घराघरांत नेले. ‘क्राइम पेट्रोल’सारख्या कार्यक्रमांत सनसनाटीचा भाग मोठा आहे आणि त्यातून प्रत्येक शेजारी, प्रत्येक नातेवाईक संशयास्पद वाटू लागण्याचा धोकाही आहे, तरीही बेपत्ता मुलीची तक्रार ताबडतोब द्यावी, नवऱ्याची मारहाण हा गुन्हा आहे, फसवणुकीचा फोन आला तर गप्प बसू नये, एवढे ज्ञान अनेक स्त्रियांना तेथूनच मिळाले आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशिलांपैकी काही स्त्रियांनी तक्रार देण्याचे धैर्य अशा कार्यक्रमातून आल्याचे स्वतः सांगितले आहे.

मात्र पोलिसांच्या कामाचा फार मोठा भाग कोणत्याही मालिकेत येत नाही. आपल्या भागात शेतकऱ्याने आत्महत्या केली की अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि एक हवालदार त्या घराच्या ओसरीत बसून मरणोत्तर पंचनामा लिहितो. त्या पंचनाम्यावर, जबाबांवर आणि वैद्यकीय अहवालावर पुढे त्या कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाख रुपयांच्या शासकीय मदतीचे प्रकरण अवलंबून असते. ते काम नीट, सहानुभूतीने आणि वेळेत झाले की नाही, यावरून त्या घराचे पोलिसांविषयीचे मत कायमचे ठरते. ऊसतोड मजूर आणि मुकादम यांच्यातील उचलीचे वाद, बांधाची भांडणे, हुंड्यासाठीचा छळ यांबाबतही तेच आहे. येथे पोलीस कसे वागतात हे तपासण्याची सवय समाजाला लागली असती तर दलही सुधारले असते.

तेव्हा घरच्यांना मालिका पाहू द्याव्यात का? माझे उत्तर होय असे आहे. पाहणे बंद केल्याने समजूत बदलणार नाही, उलट घरात विनाकारण कटुता येईल. त्याऐवजी, भाग संपला की वडिलांना विचारा की या आरोपीविरुद्ध न्यायालयात नेमका कोणता पुरावा टिकेल, आणि पंच कोण होते. चुलत्यांना विचारा की थप्पड खाणारा आपल्या घरातला मुलगा असता आणि त्याने काही केलेले नसते तर त्याने कोणाकडे दाद मागितली असती. लहान मुले सोबत बसत असतील तर हे बोलणे त्यांच्यासमोर जरूर व्हावे.

मोटारीबाबत तुम्ही स्वतः काय करावे, तेही सांगतो. तुमच्याकडून साधा अर्ज घेतला आहे की गुन्हा नोंदवला आहे, हे प्रथम पाहा. गुन्हा नोंदवला असेल तर फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) प्रमाणे तुमचा हक्क आहे. मोटार खरेदीचे बिल शोधा आणि त्यावरील कंपनीचे नाव, अश्वशक्ती व अनुक्रमांक पुरवणी जबाबात लिहून घ्यायला लावा, कारण उद्या भंगारवाल्याकडे दहा मोटारी सापडल्या तर तुमची कोणती हे त्या क्रमांकानेच सिद्ध होईल आणि सुपूर्तनाम्यावर ती परत मिळवणे सोपे जाईल. संशयिताविषयी जे प्रत्यक्ष पाहिले असेल तेवढेच जबाबात सांगा, गावातील चर्चा सांगू नका. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला असेल तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा, आणि तेथेही दखल घेतली गेली नाही तर कलम १७३(४) नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधन कलम १९३ ने पोलिसांवर घातलेले आहे. ती मुदत उलटून गेली असेल तर त्या कलमाचा उल्लेख करून ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.